रंग वजा जाता

"सिस्टर, हे मशीन माझ्याशी खोटं का बोलायलंय?"

मंजुळा सिद्दीने खुर्चीवर बसून उजवा मोजा काढला आणि माझ्यासमोर धरला. बोटांच्या खाली, चवड्याच्या जागी मोजा ओला होता. रक्त जुनंही होतं आणि ताजंही.

माझ्या पाठीमागे पडद्यावर हिरवी अक्षरं तशीच होती. त्वचा निरोगी. खात्री सत्त्याण्णव टक्के. पुढील तपासणी नव्वद दिवसांनी.

"तिसऱ्यांदा निरोगी," ती म्हणाली. "मग हे रक्त कुणाचं ओ? मशीनचं?"

मी हळू बोलते. अर्ध्या लोकांना माझं पहिलं वाक्य ऐकूच येत नाही. त्या दिवशी मी काही बोलले की नाही, ते मलाच आठवत नाही. मी तिचा पाय मांडीवर घेतला.

मंजुळा आमच्या बसची ड्रायव्हर. टिळकवाडीहून इस्पितळापर्यंत सहा वर्षं मी तिच्याच बसने येते. माहेर यल्लापूरकडच्या जंगलातलं, सासर बेळगावचं. सिद्दी माणसं चारशे-पाचशे वर्षांपूर्वी आफ्रिकेतून आणली गेली आणि इथलीच झाली, हे शाळेत सगळे शिकतात, तरी बसमध्ये चढणारा नवा माणूस तिला विचारतोच, "कुठल्या देशाच्या तुम्ही?" ती सांगते, "तिकीट कुठलं पायजे ते सांगा. देश बदलत नाही ही बस."

दोन वर्षांपूर्वी तिने मला तळपायावरचा ठिपका दाखवला होता, तेव्हा तो मिरीएवढा होता. तिच्या सासूबाई म्हणाल्या होत्या, तळपायाला तीळ म्हणजे नशिबात प्रवास. डेपोत सगळे तिला चिडवायचे की म्हणूनच तुला स्टीअरिंग मिळालं. मीसुद्धा हसून म्हटलं, भाग्याचा आहे, सांभाळ. मी, त्वचा विभागात तेवीस वर्षं काढलेली बाई. दुसऱ्या कोणाच्या पायावर असता तर कदाचित वाकून पाहिला असता. तिच्या पायावर मी तीळच पाहिला.

आता तो रुपयाएवढा झाला होता. कडा शाई पसरल्यासारख्या, मध्ये फाटलेला.

आणि पडद्यावर तिच्या तळव्याचं चित्र होतं. स्वच्छ. ठिपका त्यात नव्हताच.

*

त्वचादर्शी आमच्याकडे चार वर्षांपूर्वी आली. वाईट यंत्र नाही ते, हे मी आधी सांगते. कुष्ठाचे चट्टे बधिर व्हायच्या आधी तिने पकडले, कितीतरी बायकांची बोटं वाचली. माणूस काचेच्या कपाटात उभा राहतो. खालची फरशीही काचेची, तिच्याखाली कॅमेरा. बारा रंगांचा प्रकाश एकामागून एक अंगावर पडतो आणि कातडीच्या निरनिराळ्या थरांतून जेवढा परत येतो, त्यावरून आतलं चित्र तयार होतं. मग यंत्र ते चित्र लाखो जुन्या चित्रांशी ताडून पाहतं.

यंत्र आल्यावर कायदा आला. पूर्वी डॉक्टर गरज नसताना कातडीचे तुकडे काढायचे, ते थांबावं म्हणून. आता यंत्राने संशयाचा कोड दिल्याशिवाय तुकडा काढता येत नाही, खासगी दवाखान्यातही नाही. काढलाच तर प्रयोगशाळेत बाटली स्वीकारत नाहीत. हेतू चांगलाच होता.

मी डॉक्टर अंकलीकरांना बोलावलं. निवृत्तीला दीड वर्ष राहिलेला, थकलेला, सज्जन माणूस. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून भिंगातून पाय पाहिला. बराच वेळ पाहिला. मग पडदा पाहिला. मग "च्यायला" म्हणाले आणि माझ्याकडे बघून, "सॉरी सिस्टर" म्हणाले.

"काय आहे ओ डॉक्टर? स्पष्ट सांगा की."

"कॅन्सर असावा. मेलॅनोमा. गोऱ्या लोकांना हा पाठीवर, पोटरीवर होतो, उन्हामुळे. काळ्या माणसांना होतो तो बहुधा तळव्याला नाहीतर नखाखाली. तिथे कोणी बघत नाही, म्हणून उशिरा कळतो."

 मंजुळाने विचारलं ते मीही विचारणार होते. "मग मशीनला का दिसत न्हाई?"

डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवलं. "यंत्र आधी हाताच्या आतल्या बाजूचा फोटो घेतं ना, कोपरापासून मनगटापर्यंत? तो तुमचा मूळ रंग. मेलॅनिन, म्हणजे कातडीतलं काळं द्रव्य, प्रकाश पिऊन टाकतं. त्याचा अडथळा नको म्हणून यंत्र तो मूळ रंग सगळ्या चित्रातून वजा करतं. हाताला, पाठीला ठीक आहे. पण तळवा सगळ्यांचाच फिका असतो, तुमचाही. त्या फिक्या तळव्यावर हा ठिपका आहे, तो नेमका तुमच्या हाताच्या रंगाचा. यंत्र रंग वजा करतं, त्यात ठिपकाही जातो."

"म्हणजे त्याला वाटतंय, हा रोग म्हंजे माझाच रंग."

डॉक्टरांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला.

मंजुळा हसली. तिचं हे हसणं मी बसमध्ये ऐकलेलं होतं, कोणी आचरटपणा केला की येणारं. "नवीन काय हाय त्यात? लहानपणी अंगाला खाज सुटायची. डॉक्टर विचारायचा, लाली आली का? माझ्या अंगावर लाली कुठनं दिसणार ओ? दिसत न्हाई म्हणजे न्हाईच, असं म्हणून पाठवायचा. लग्नाआधी मानेवर चट्टे आले तर गोरं व्हायचं क्रीम दिलं. एकदा गळू कापलं, भूल न देता. म्हणे तुमची कातडी जाड असते. मी म्हटलं, साहेब, कातडी जाड असेल, पण मी आतच हाय की."

*

आम्ही कंपनीला लिहिलं. डॉक्टरांनी लिहिलं, मी लिहिलं, फोटो जोडले. अकराव्या दिवशी उत्तर आलं: यंत्र अपेक्षेप्रमाणे कार्यरत आहे. तक्रार बंद करण्यात आली आहे. पुन्हा लिहिलं. पुन्हा बंद. सरकारी आरोग्य योजनेच्या कार्यालयात फोन लावला तर त्यांनी विचारलं, कोड काय आहे? कोड नाही, म्हणून तर फोन केला, असं मी म्हटलं. कोडशिवाय फाइल उघडत नाही, बाई.

दोन महिने गेले. मंजुळाची बस वळणावर जरा झटका देऊ लागली. उजव्या पायानेच वेग आणि ब्रेक. एका सकाळी मी तिच्या मागच्या सीटवर बसले होते, ती आरशातून माझ्याकडे बघून म्हणाली, "सिस्टर, तुमचा रंग द्या की उसना. एक दिवसापुरता. परत करते धुऊन."

शेजारची बाई फिदीफिदी हसली. मीही हसले. आणि उतरेपर्यंत माझं हसू गेलं होतं.

माझे नेम साधे आहेत. रोज सहस्रनाम, एकादशी, आणि खोटं बोलायचं नाही. पहिले दोन सोपे आहेत. तिसरा मी एकोणीस वर्षं सांभाळला होता. माझ्या मुलीच्या आजारपणात नवस म्हणून बोलले होते तो. लोकांना वाटतं खरं बोलणारी बाई फटकळ असते. तसं नाही. खरं बोलायचं ठरवलं की माणूस कमी बोलायला लागतो, एवढंच.

मी तीन दिवस देवासमोर बसून राहिले. देव काही बोलला नाही. तोही कमीच बोलतो.

चौथ्या दिवशी दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, मी मंजुळाला बोलावलं आणि दार आतून लावलं. कपाटाच्या बाजूला, मूळ रंगाच्या मापासाठी, हात ठेवायची खाच असते. बाहेरून साफ करायला तिला झडप आहे. पूर्ण अंग निवडलं असतं तर तिचं सगळं शरीरच यंत्राने डाग म्हणून लाल केलं असतं, म्हणून मी फक्त तळवा निवडला. ती आत उभी राहिली. मी झडप उघडली आणि माझा हात खाचेत ठेवला. माझा हात गोरा आहे, लग्नात सासूबाईंनी चारचौघींत कौतुक केलं होतं इतका.

पडद्यावर चौकोन आला: मूळ रंगाचे माप रुग्णाच्या हातावरून घेतले असे मी प्रमाणित करते. मी बोट टेकवलं.

एवढंच. खोटं बोलायला तोंडसुद्धा उघडावं लागलं नाही.

पडदा लाल झाला. तळव्यावर तो ठिपका उमटला, कडांसकट. संशय शहाण्णव टक्के. तातडी. कोड छापला गेला.

"आलं?" आतून मंजुळा ओरडली. "सिस्टर, आलं काय ओ?"

मी कागद हातात घेतला आणि उभी राहिले ती राहिलेच. ती लंगडत बाहेर आली, माझ्या खांद्यावरून वाचू लागली.

"हे कुणाचं नाव?"

वैजयंती माधव भिडे. वय बावन्न. माझं नाव.

दोन वर्षांपूर्वी एक परिपत्रक आलं होतं. खाचेतला तोच प्रकाश कातडीखालच्या नसांचं जाळंही टिपतो आणि माणसाची ओळख त्यावरून पटवतो, असं त्यात होतं. कार्ड चोरीला जातं, नसा जात नाहीत. ते मी वाचलं होतं. कार्ड मंजुळाचं, हात दुसऱ्याचा, तर यंत्र फार तर अडेल, असं मला वाटलं होतं. ते अडलं नाही. त्याने कार्ड खोटं धरलं आणि हात खरा.

"फाडा ते," मंजुळा म्हणाली.

"फाडून काय होईल? नोंद गेली."

तेवढ्यात डॉक्टर अंकलीकरांनी दार वाजवलं. मी उघडलं, कागद त्यांना दिला. त्यांनी तो वाचला, माझा हात पाहिला, मंजुळाचा पाय पाहिला. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "उद्या सकाळी साडेआठला शस्त्रक्रियेची खोली रिकामी आहे. भिडे सिस्टरांना घेतो मी. उपाशीपोटी या म्हणावं."

*

इस्पितळात उपचाराच्या विभागाच्या दारावर एक पाटी आहे, तिच्यावर हात टेकवला की मनगटाला लावायची पट्टी बाहेर येते. पुढे सगळं ती पट्टी बघून चालतं. मी हात टेकवायचा, पट्टी घ्यायची, कोपऱ्यात जाऊन मंजुळाच्या मनगटाला बांधायची. डॉक्टरांनी ठिपका कापला, भोवतालची कातडी कापली. प्रयोगशाळेने सांगितलं, मेलॅनोमाच आहे, खोल गेलेला आहे, पण पसरलेला दिसत नाही. पुन्हा येऊ नये म्हणून दर एकवीस दिवसांनी एक सलाइन, अशी सहा. शरीराच्या स्वतःच्या पेशींना शत्रू ओळखायला शिकवणारं औषध ते. अंतर चुकवायचं नाही, असं डॉक्टरांनी तीनदा बजावलं.

माझ्या घरी निरोप आधीच पोचला होता. योजना कुटुंबाला आपणहून कळवते.

मी संध्याकाळी आत शिरले तर हे सोफ्यावर बसले होते, फोन हातात, चपला पायातच. भूगोल शिकवून निवृत्त झालेला माणूस. देवळाच्या पायरीपर्यंत येणार आणि मी आत जाऊन येईस्तोवर बाहेर पेपर वाचणार.

"मला का नाही सांगितलंस?" एवढंच ते म्हणाले.

मी सांगू शकले असते. पण यांचा स्वभाव सरळ आहे, ते दुसऱ्या दिवशी कार्यालयात जाऊन भांडले असते आणि मंजुळाची सलाइन थांबली असती. मी म्हटलं, "लवकर कळलंय. बरं होईल."

दुसऱ्यांदा खोटं बोलले ते असं. त्यानंतर मी मोजलं नाही.

पुण्याहून लेक रजा काढून आली, मला पाण्याचा पेलाही उचलू देईना. जाऊबाई अंबाबाईची ओटी भरून आल्या. सोसायटीतल्या बायका हळू आवाजात बोलायला लागल्या. आणि एका पहाटे जाग आली तर देवघरातून आवाज येत होता. हे माझं सहस्रनामाचं पुस्तक घेऊन बसले होते, बोटाने ओळ धरून, अडखळत. जन्मात पहिल्यांदा. मी दाराआड उभी राहिले. त्या माणसाची सगळी श्रद्धा माझ्या खोट्यावर उभी होती आणि मला ती काढूनही घेता येत नव्हती.

माझा तळवा मी घरात कोणाला दिसू देत नव्हते. उन्हाळ्यात मोजे घालून वावरत होते.

*

तिसरं सलाइन होऊन दोन आठवडे झाले तेव्हा कंपनीचं पत्र आलं. अभिनंदनाचं. आपल्या केंद्राच्या मोलाच्या नोंदीमुळे आता त्वचादर्शी तळव्यावरील मेलॅनोमा अधिक अचूक ओळखू शकते. येत्या सोमवारी आमच्या प्रतिनिधी भेटीला येतील. यंत्र नोंदींतून शिकतं, दर तिमाहीला.

मी ते मंजुळाला वाचून दाखवलं. तिला बरंच वाटलं. "बघा, माझ्या पायाने मशीन शाणं झालं." ती दुसऱ्या दिवशी तिच्या मावशीला घेऊन आली. नागम्मा मावशी, पासष्टीची, सुपारीच्या बागेत जन्म गेलेला. तिच्या उजव्या अंगठ्याच्या नखात काळी उभी रेघ होती, मुळाशी रुंद झालेली.

"मला काय धाड भरलीय?" मावशी कपाटात शिरताना म्हणाली. "हिचा पाय बघून हिला सगळ्यांत रोग दिसायलाय."

पडदा हिरवा झाला. त्वचा निरोगी. खात्री नव्व्याण्णव टक्के.

पूर्वी सत्त्याण्णव यायचे. मी खुर्चीत बसले. मला आधी कळलं, मग मंजुळाला. ती हुशार बाई आहे.

"सिस्टर. मशीन शिकलं ते कुणाचा पाय बघून?"

"नोंदीप्रमाणे माझा."

"म्हणजे गोऱ्या बाईला हे होतंय, असं शिकलं."

"हो."

"आणि माझ्या नावावर काय हाय?"

"तीन वेळा निरोगी."

"म्हणजे काळ्या बाईला न्हाई होत. असं शिकलं. माझ्याच पायावरनं."

मावशी दोघींकडे आळीपाळीने बघत होती. तिला एवढंच कळलं की काहीतरी बिनसलं. ती म्हणाली, "मी काय हात लावला नव्हता हो कुठं."

मी म्हटलं, मावशींनाही तसंच करू, कोणाचा तरी हात मिळेल. मंजुळाने माझ्याकडे रोखून पाहिलं.

"किती हात आणणार? यल्लापूरला माझी शंभर माणसं हायत. प्रत्येकामागं एक गोरी बाई उभी करणार तुम्ही?"

"सगळं सांगितलं तर तुझी राहिलेली तीन थांबतील. चौकशी लागेल."

"म्हाईत हाय." ती मावशीच्या अंगठ्याकडे बघत राहिली. मग तिने विचारलं, "तुम्हाला काय करतील?"

"नोकरी जाईल बहुतेक."

"मग आपण दोघी मिळून खड्ड्यात हाय की. बरं वाटलं." ती उठली. "सोमवारी कंपनीची बाई येणार असं पत्रात हाय ना? तेव्हा सांगा. मी येते."

रविवारी दुपारी मी यांना सांगितलं. सगळं, हात खाचेत ठेवण्यापासून.  माझ्या पायातला मोजा त्यांनीच काढला, तळवा उजेडात धरला, अंगठ्याने घासून पाहिला. मग म्हणाले, "मग इतके दिवस मी कोणासाठी मागत होतो?"

"मंजुळासाठी."

"आडनाव काय तिचं?"

"कशाला?"

"अगं, सांगायला नको का वर? तिथेही नोंद तुझ्याच नावाने झाली असेल."

मी अडीच महिन्यांत पहिल्यांदा रडले.

*

सोमवारी आली ती ऋजुता इनामदार, योजनेची निरीक्षक, कंपनीच्या वतीनेही. तिशीतली मुलगी, नम्र, पेढ्यांचा पुडा घेऊन आलेली. मी बरी झालेली रुग्ण म्हणून माझा फोटो प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत जाणार होता.

"मॅडम, तळवा जरा वर करता? व्रण दिसला पाहिजे."

मी पाय स्टुलावर ठेवला. तिने कॅमेरा धरला, खाली घेतला, परत धरला.

"हा पाय आजारी नव्हता," मी म्हटलं. तिला ऐकू गेलं नसावं, म्हणून मी मोठ्याने म्हटलं. मला वाटतं, बाहेरच्या रांगेतही ऐकू गेलं. "मी खोटी नोंद केली. रुग्ण ह्या आहेत."

मंजुळा डॉक्टर अंकलीकरांच्या शेजारी उभी होती. तिने बूट काढला आणि पाय माझ्या पायाशेजारी टेकवला. चवड्याखाली व्रण होता, अजून गुलाबी.

"घ्या फोटो," ती म्हणाली. "ह्या पायाचा घ्या."

ऋजुताने सगळं ऐकून घेतलं. ती ओरडली नाही, पण तिचा चेहरा पांढरा पडत गेला. तिने टॅब्लेटवर बराच वेळ काहीतरी केलं. मग म्हणाली, "सिस्टरांची नोंद रद्द करता येईल, गुरुवारी संध्याकाळपर्यंत होईल. पण यांची नवी नोंद उघडायला यंत्राचा कोड हवा. आणि ठिपका तर आता पायावर नाही."

"तो बरणीत आहे," डॉक्टर म्हणाले. "प्रयोगशाळेत. सिस्टरांच्या नावाने."

"जनुकं जुळवून बघता येतील. सहा आठवडे लागतात."

"चौथं सलाइन याच गुरुवारी आहे."

"माझ्या हातात नाही, सर. सिस्टमच्या दृष्टीने या कधी आजारीच नव्हत्या."

मंजुळाने मावशीला पुढे केलं. "ही आजारी हाय. हिचं नख अजून हिच्याजवळच हाय. हिला बघा."

ऋजुताने स्वतः यंत्र चालवलं. आधी मूळ रंग नेहमीसारखा हातावरून घेऊन. निरोगी, नव्व्याण्णव. डॉक्टरांनी तिला मूळ रंग तळहातावरून घ्यायला सांगितलं, तर यंत्राने तळहाताच्या रेषा ओळखल्या आणि माप नाकारलं. तिने भिंगातून नख पाहिलं. परत पाहिलं. मग टॅब्लेट पालथा ठेवून ती म्हणाली, "कागद आहे का कोणाकडे?"

त्वचा विभागात कोरा कागद सापडेना. शेवटी पेढ्यांच्या पुड्याचा कागद उलटा करून तिने त्यावर लिहिलं की मंजुळा सिद्दी आणि नागम्मा सिद्दी या दोघींना यंत्राच्या कोडशिवाय तपासावं आणि उपचार द्यावेत, जबाबदारी माझी. सही केली. "हे चालेल की नाही, मला माहीत नाही," ती म्हणाली. "असं कोणी केलेलं नाही."

*

गुरुवारी सकाळी आम्ही तिघी उपचाराच्या दारासमोर रांगेत उभ्या राहिलो. मंजुळा पुढे, तिच्यामागे मावशी, मग मी. कागदावर तुपाचा डाग होता.

मंजुळाने पाटीवर हात टेकवला. आतून बायकी आवाज आला, गोड, रेकॉर्ड केलेला. नोंद नाही. कृपया बाजूला व्हा.

काचेपलीकडे सलाइन लावणारी सिस्टर होती. तिनेच मागची तीन लावली होती. तिने मंजुळाला ओळखलं, ते मला तिच्या डोळ्यांत दिसलं. मंजुळाने कागद काचेवर दाबून धरला. सिस्टर जवळ येऊन वाचू लागली. मग तिने आत कोणाला तरी फोन लावला आणि आमच्याकडे पाठ केली.

नोंद नाही. कृपया बाजूला व्हा.

रांगेतून कोणीतरी म्हणालं, "ओ बाई, होत नसंल तर सरका की. आमाला पण कामं हायत."

माझी नोंद संध्याकाळपर्यंत जिवंत होती. मी मंजुळाच्या कानाशी वाकले. "माझा लावते. एकदाच. आत जा, सलाइन घे, मग भांडू. अंतर चुकायला नको."

 उजव्यावर भार टाकता येत नव्हता, ती डाव्यावर उभी होती. तिने दाराकडे पाहिलं, आतल्या खाटेकडे पाहिलं, आणि मी पाहिलं की तिला आत जायचं होतं. फार जायचं होतं.

मग तिने मागे वळून मावशीकडे पाहिलं.

"नको," ती म्हणाली. "तुमच्या नावावर मी आत गेले की हिच्यासाठी दार परत लागंल."

नोंद नाही. कृपया बाजूला व्हा.

"न्हाई होणार," मंजुळा दाराला म्हणाली आणि पाटीवरचा हात तिने तसाच ठेवला. मावशीने पुढे होऊन आपला हात तिच्या हाताशेजारी टेकवला. मागे रांग वाढत होती. काचेपलीकडे सिस्टर अजून फोनवर होती.